जोडीदारवाली अनक्का

अनक्काकडे कौतुकाचा निरोप आला आहे, हे तिच्या जिना चढण्यावरून कळायचं. एरवी ती धापा टाकत, मध्येच थांबून, खालच्या यंत्रमागवाल्यांशी तेलुगूत चार शब्द बोलत वर यायची. निरोपाच्या दिवशी थांबायची नाही. वर आली की पिशवी खिळ्याला अडकवून आधी चहा टाकायची. सगळ्यांच्या हातात कप गेले, की खुर्चीत बसून चष्मा कपाळावर सारायची, मोबाइल उघडायची आणि म्हणायची, "ऐका गं. नागपूरच्या सरांनी काय लिहिलंय बघा."

आणि मग तिचा आवाजच बदलायचा. 'हाय' आणि 'न्हाय' बोलणारी ही बाई एकदम पुस्तकातल्यासारखं बोलू लागायची. "'आपल्या सहकारी भगिनींचे भाषांतर वाचताना मूळ लेखकानेच हे मराठीत लिहिले असावे, असे वाटत राहिले.'" एवढं झालं की माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. "हे तुझं हाय गं, मनीषा."

माझे कान गरम व्हायचे. चहा कपात तसाच राहायचा. मी खाजगी शाळेत मराठी शिकवत होते. शाळेनं मराठी माध्यमाचे वर्ग बंद केले आणि मी घरी बसले. घरात दिवसभर माझ्या नावानं हाका असायच्या, पण त्या पाण्याच्या, डब्याच्या आणि इस्त्रीच्या. कुणीतरी माझी वाक्यं वाचून काही म्हणतंय, हे मला अनक्काच्या त्या माडीवर पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

तिचं पूर्ण नाव अनसूया येमूल. वयानं आमच्याहून थोरली, म्हणून अक्का. अनसूयाअक्काची अनक्का झाली. राहायला सोलापूरजवळच्या कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात, आईबरोबर. लग्न झालं होतं. त्याची कथा ती एका वाक्यात उरकायची : "तो सुरतेला गेला, मी हितंच राहिले." छापखान्यात मराठी, तेलुगू, कानडी तिन्ही भाषांतली अक्षरजुळणी केलेली. पुढे तिनं संगणक घेतला आणि बाहेरगावची कामं घ्यायला लागली. भाषांतरं, चित्रफितींखालच्या ओळी, मुलाखती ऐकून लिहून काढणं, असलं सगळं. कामं वाढत गेली आणि एकटीला पेलेनात. त्यातून तिला ती कल्पना सुचली.

"ही फ्रीलान्सर म्हणजे सुटी माणसं," ती सांगायची. "एकएकटी बसून काम करायल्यात, कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला. काम येतंय तवा एकदम येतंय, नसतंय तवा काहीच न्हाय. जादा काम आलं की वाटून द्यायला माणूस कुठनं आणणार? आणि हितं पूर्व भागात बघ, घराघरात शिकलेल्या पोरी बसल्यात. तितं काम जादा, हितं हात रिकामे. मधी कुणीतरी उभं राहायला नको का?"

मग तीच मध्ये उभी राहिली. दाजी पेठेत तिच्या मामाचा यंत्रमागाचा छोटा कारखाना होता. वरची माडी रिकामी होती, ती तिनं झाडून घेतली. चार टेबलं, जुने संगणक, एक गॅसची शेगडी. खाली माग चालू असले की आमच्या कपातला चहा थरथरायचा आणि बोलायचं तर ओरडावं लागायचं. बाहेर पत्र्याची पाटी लावली : 'जोडीदार सेवा'. आणि खाली बारीक अक्षरात, 'कामाला हात, हाताला काम'.

बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. पाटी लागल्यापासून लोक तिला वधूवरसूचक मंडळच समजायचे. फोन यायचे, "मुलगा इंजिनिअर आहे, पद्मशाली समाजाची चालेल." अनक्का कुणावर चिडायची नाही. एकदा तर मोहोळहून एक गृहस्थ थेट जिना चढून आले. पांढरा सदरा, टोपी, हातात पाकीट. पाकिटातून मुलीचा फोटो आणि माहितीचा कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"पोरगी गुणाची हाय. सैपाक, शिवणकाम, समदं येतंय," ते म्हणाले.

आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो. अनक्कानं त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "हे मराठी टायपिंग लिवलंय, ते खरं हाय का?"

"व्हय. परीक्षा पास झालीय की."

"काका, नवरा माझ्याकडं न्हाय. काम हाय. चालतंय का बघा."

गृहस्थ गोंधळले, रागावले, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "काम म्हंजी नेमकं काय?" त्यांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात ते मुलीला घेऊन आले. ती रूपाली. पहिल्या दिवशी ती इतकी हळू बोलत होती, की खालचे माग थांबल्याशिवाय तिचं काही कळायचं नाही. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळी परत जायची. वडील सुरुवातीला रोज तिच्याबरोबर यायचे आणि जिन्याखाली बसून राहायचे. नंतर त्यांनी येणं सोडलं. अनक्कावर त्यांचा विश्वास बसला होता.

तो सगळ्यांचाच बसायचा. कारण अनक्का कुणाचं काम कधी तोंडावर फेकायची नाही. चूक झाली तर, "राहू दे, मी बघते," म्हणून स्वतः नीट करायची. त्याचं कारण तिनं मला एकदा, आम्ही दोघीच माडीवर होतो तेव्हा सांगितलं होतं. तिची आई जन्मभर विड्या वळायची. लहानपणी अनक्का आईबरोबर कारखान्यात विड्या द्यायला जायची. तिथला तपासणारा माणूस विड्यांचा कट्टा हातात घ्यायचा, बोटानं दाबायचा आणि काही न बोलता बाजूला टाकून द्यायचा. "काय चुकलं, एवढं तरी सांगा की," आई म्हणायची. तो वर बघायचासुद्धा नाही.

"चांगल्या विडीला पण तो काय बोलायचा न्हाय गं," अनक्का म्हणाली. "आई रस्ताभर स्वतःच पुटपुटत यायची, आज बऱ्या झाल्या होत्या, आज बऱ्या झाल्या होत्या. तवाच मी ठरवलं. माझ्याकडं काम करणारीला ऐकायला मिळायला पायजे."

माझा मुलगा डेंग्यूनं दवाखान्यात होता, तेव्हा नागपूरच्या सरांकडून भाषांतराला आलेलं एक प्रकरण माझ्याकडे अर्धं राहिलं होतं. अनक्का दवाखान्यात आली, मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "ते प्रकरण डोक्यातनं काढ." तिनं ते स्वतः पुरं करून पाठवलं. मुलगा घरी आल्यावर मी माडीवर गेले, तर चहा तयार. चष्मा कपाळावर. "'या वेळी तर आपल्या सहकारी भगिनींनी कमाल केली आहे.'"

"अनक्का, ते तुम्ही केलंय," मी म्हटलं.

"तुझ्याच नावानं गेलंय. घे की," ती हसत म्हणाली.

मी ते घेतलं. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं.

रूपालीची गोष्ट मात्र आमच्या सगळ्यांच्या वरची होती. पुण्याच्या मृणालताई लहान मुलांच्या कार्टूनचे मराठी संवाद लिहायच्या. त्यांचं जादा काम अनक्काकडे येऊ लागलं आणि तिनं ते रूपालीला दिलं. एका मालिकेत एक हट्टी शेळी होती. रूपालीनं त्या शेळीला मोहोळचं बोलायला लावलं. "मी न्हाय जायची! आदी पाला दावा, मग बोला!" असलं काहीतरी. ते जे चाललं! दाजी पेठेतली तेलुगू घरातली पोरंसुद्धा आईनं शाळेत जा म्हटलं की कमरेवर हात ठेवून "आदी पाला दावा" म्हणायला लागली. रूपाली बसमधून येताना एका अनोळखी पोराच्या तोंडून ते ऐकून आली आणि दारातच उभी राहून हसता हसता रडली.

त्या दिवशी अनक्कानं निरोप वाचला तो मला अजून पाठ आहे. "'या मुलीच्या कानात भाषा आहे. ती कुणाकडून शिकून येत नाही. तिला माझा आशीर्वाद सांगा.'" रूपालीनं तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "मला पाठवा की ते. आबांना दावते."

"त्यांनी खाजगीत लिवलंय गं. असं पुढं पाठवणं बरं दिसतंय का?" अनक्का म्हणाली आणि कप गोळा करायला उठली.

मृणालताई सोलापुरात येणार असल्याचं आम्हाला पेपरमधून कळलं. एका कॉलेजात मुलांसाठीच्या लेखनावर त्यांचं व्याख्यान होतं. रूपालीनं तो तुकडा कापून माडीवर आणला. अनक्कानं तो वाचला आणि म्हणाली, "कशाला जाताय? लई घाईत असतात त्या. भेटायच्या न्हायत."

"लांबनं बगीन की," रूपाली म्हणाली.

"आणि मला आईला दवाखान्यात न्यायचंय त्या दिवशी," अनक्का म्हणाली. तिला कुणी चला म्हटलंच नव्हतं.

आम्ही दोघी गेलो. रूपालीनं नवा ड्रेस घातला होता. आईनं कुटलेली शेंगांची चटणी डब्यात घालून, वर सुती रुमाल बांधून आणली होती. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मृणालताई साध्या होत्या, छान बोलल्या. शेवटी एका प्राध्यापकानं त्या शेळीबद्दल विचारलं. इतकी अस्सल बोली पुण्यात बसून कशी साधली, असा त्यांचा प्रश्न होता. सभागृहात हशा झाला. रूपालीनं माझा हात धरला.

"ते श्रेय माझं नाहीच," मृणालताई म्हणाल्या. मी रूपालीकडे बघितलं, ती पुढे सरकून बसली होती. "तुमच्याच सोलापूरच्या एक अनसूया येमूल आहेत. कच्चा मसुदा त्या करतात. एकट्या करतात सगळं. मी प्रत्यक्ष भेटले नाही अजून, आज येतील असं वाटलं होतं. पण मालिकेच्या शेवटी त्यांचं नाव आवर्जून टाकायला लावलंय मी."

टाळ्या झाल्या. रूपालीनं माझा हात सोडला नाही. मालिकेच्या शेवटी नावं सरकतात ती आम्ही कधी वाचली नव्हती. इतकी बारीक असतात आणि इतक्या भरभर जातात.

कार्यक्रम संपल्यावर मला वाटलं, ती सरळ घरी जाईल. पण ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली, मी तिच्या मागे. डबा दोन्ही हातांत धरून ती मृणालताईंसमोर उभी राहिली.

"मी रूपाली," ती म्हणाली.

मृणालताई हसल्या. "बोल ना."

"रूपाली. मोहोळची."

"शिकतेस का इथे?"

रूपालीनं मान हलवून माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "शेळीचे संवाद हिनं लिहिलेत. अनसूयाताईंच्या जोडीदार सेवेत आम्ही काम करतो."

मृणालताईंनी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघितलं. "अनसूयाताईंची सेवा म्हणजे? त्या तर... मी विचारलं होतं त्यांना, आणखी कुणी आहे का म्हणून. त्या म्हणाल्या, मीच करते, दुसऱ्याच्या हातात देत नाही."

"तुमी लिवलं होतं ना," रूपाली म्हणाली. आता तिचा आवाज आला, आणि तो मोठा आला. "माझ्या कानात भाषा हाय म्हणून. आशीर्वाद सांगा म्हणून."

त्या बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "बाळा, मला तर तू आहेस हेच माहीत नव्हतं."

रूपालीनं डबा त्यांच्या हातात दिला. वाकून नमस्कार केला. रिक्षात बसल्यावर ती बाहेर बघत राहिली. कन्ना चौकाच्या पुढे कुठेतरी माझ्या मनात आलं, की अनक्काला चष्म्याशिवाय बसवरची पाटी वाचता येत नाही, मोबाइलवरचा नंबर दिसत नाही. हिशेबाचा साधा कागद आला तरी ती चष्मा शोधते. आणि निरोप वाचताना मात्र तो नेमका कपाळावर असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा अनक्का एकटीच होती. खाली माग अजून सुरू व्हायचे होते. तिनं आमच्याकडे बघितलं आणि शेगडीकडे वळली.

"चहा नको," रूपाली म्हणाली.

अनक्का तिथंच थांबली. पाठमोरीच म्हणाली, "भेटल्या म्हणायच्या."

"माझं नाव का न्हाय सांगितलं?"

ती वळून स्टुलावर बसली. मला वाटलं होतं ती नाकारेल, रडेल, काहीतरी समजूत घालेल. तिनं त्यातलं काहीच केलं नाही.

"पहिल्यांदा सांगत होते," ती म्हणाली. "श्रीलता म्हणून पोरगी होती आमच्याच गल्लीतली. माझ्या हाताखाली शिकली, माझ्या ताटात जेवली. हैदराबादच्या माणसाला मी तिचं नाव दिलं, फोन दिला. लई हुशार पोरगी हाय, म्हणून सांगितलं. पुढच्याच महिन्यात दोघांनी कामाचं परस्पर जमवलं. जाताना ती आणखी चौघींना घेऊन गेली. रस्त्यात भेटली तर तोंड फिरवायची. मी ही माडी झाडून पुन्हा मांडली, तवा ठरवलं, आता मधला माणूस म्हणून न्हाय राहायचं. त्यांना फक्त मी दिसायला पायजे."

"मी श्रीलता हाय व्हय?"

अनक्कानं चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला.

"आनि ते कौतुक? ते कुणी केलं?"

"ते माझं होतं," अनक्का म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, त्यातला एक शब्द खोटा न्हाय. वाचताना मला वाटायचं तेच मी बोलत होते. पण मी, विडीवालीची पोरगी, मी चांगलं म्हटलं तर तुमाला काय वाटणार? पुण्याच्या बाईनं म्हटलं की पोरगी उड्या मारत घरी जाती."

"मग तुमच्या तोंडानं सांगायचं हुतं की," रूपाली म्हणाली. "मला तुमचंच पायजे हुतं."

खाली पहिला माग सुरू झाला. मग दुसरा. अनक्काचे ओठ हलताना दिसले, पण ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, आणि पुन्हा सांगा असं कुणी म्हटलं नाही. रूपाली गेली. तिची पाण्याची बाटली टेबलावरच राहिली.

मी मागे थांबले. मलाही विचारायचं होतं. "नागपूरचे सर आहेत का तरी?"

"हायत की."

"मग ते काय लिहितात?"

अनक्कानं चष्मा लावला. मोबाइल उघडून माझ्यासमोर धरला. सरांचे निरोप एकाखाली एक होते. 'काम मिळालं. आभारी.' पुन्हा 'काम मिळालं. आभारी.' एका ठिकाणी नुसताच अंगठा. मी खाली खाली जात राहिले. दवाखान्यातल्या दिवसांपर्यंत गेले. तिथेही तेच.

मी मोबाइल तिला परत दिला. तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं नंतर वाटलं. पण ओरडायला समोर शत्रू लागतो. माझ्या मुलाच्या कपाळावर हात ठेवणारी बाई तीच होती, आणि माझी वाक्यं स्वतःची म्हणून पाठवणारीही तीच. त्या दोघींना वेगळं करून एकीलाच टाकून द्यायचं, हे मला आजवर जमलेलं नाही.

माडी महिनाभरात ओस पडली. कुणी भांडलं नाही. एकेकीनं यायचं थांबवलं. मृणालताईंनी रूपालीला फोन करून थेट काम दिलं. आता शेवटच्या नावांत तिचं नाव असतं, तिच्या वडिलांनी ते पडद्यावर थांबवून, फोटो काढून सगळ्या मोहोळात दाखवलं. तिचं लिखाण आता आणखी चांगलं झालंय. पण मृणालताईंनी काही चांगलं लिहून पाठवलं, की रूपाली मला फोन करून विचारते, "खरंच म्हणत असतील का वो?" मी म्हणते, खरंच म्हणत असतील. मला तरी कुठं कळतं? मी सध्या एका प्रकाशकासाठी काम करते. परवा त्यांनी लिहिलं, 'उत्तम झालंय.' मी ते वाचलं आणि माझ्या आत काहीच हललं नाही. अनक्काच्या थापांनी माझे कान गरम व्हायचे, आणि आता खऱ्यानंही होत नाहीत. तिनं माझं नाव काढून घेतलं, त्याचा राग कधीतरी जाईलही. हे जे नेलं, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

अनक्का कुंभारीहूनही गेली असं कानावर आलं. आई गेल्यावर ती अक्कलकोटकडे कुणा नात्यातल्या माणसांकडे राहते, म्हणे. खरंखोटं कुणी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी बस स्टँडवर नणंदेला आणायला गेले होते. दुपारची वेळ, अंगाची लाही होत होती. समोरच्या फलाटावर बाकड्यावर अनक्का बसलेली दिसली. केस बरेच पिकले होते. पायाशी एक कापडी पिशवी. मी खांबाच्या आड झाले. का झाले, ते सांगता येणार नाही.

तिच्या शेजारी एक तरुण बाई किरकिरं मूल घेऊन बसली होती. कानडी बोलत होती. दोघींचं काहीतरी बोलणं झालं. अनक्कानं हात पुढे केले. त्या बाईनं जराही विचार न करता मूल तिच्या मांडीवर दिलं आणि रिकामी बाटली घेऊन पाण्याच्या नळाकडे निघून गेली. लांब होता नळ, रांगही होती.

माझ्या तोंडाशी आलं होतं, अहो बाई, देऊ नका. ओळख ना पाळख, कुणाच्याही हातात असं देऊ नका. मी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा.

अनक्कानं मुलाला खांद्यावर घेतलं. पदरानं त्याच्या मानेवरचा घाम टिपला. त्याच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली, तेलुगूत की कानडीत, इतक्या लांबून कळत नव्हतं. मुलाचं रडणं थांबलं. त्याचे पाय आधी ताठ होते, ते सैल पडले. अक्कलकोटची गाडी लागली, लोक धावले. अनक्का जागची उठली नाही. त्या बाईची वाट बघत बसून राहिली. ती पाणी घेऊन धावत आली, तेव्हा झोपलेलं मूल तिच्या हातात अलगद दिलं आणि मग पिशवी उचलून गाडीकडे गेली.

तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी मागे घेताना खिडकी माझ्यासमोर आली आणि तिनं मला बघितलं. ओळखलं. ती हसली नाही, नजरही वळवली नाही. खिडकीच्या गजावरची तिची बोटं फक्त जराशी उघडली.

माझा हात वर गेला नाही. गाडी वळली आणि फाटकाबाहेर पडली.